लाल, लाल, तपकिरी

सासूबाईंचं गेमचं मशीन मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मेलं. त्या वेळी रंगराव त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि मशीन सासूबाईंच्याच लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं होतं. आता मशीनला काय हुडहुडी भरली होती का? नाही. मग शाल कशाला? सांगतो. पण आधी एवढं ध्यानात ठेवा, की संध्याकाळी पाचला सासूबाई हॉस्पिटलमधून घरी येणार होत्या. गुडघा नवा, स्वभाव जुनाच.

डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे खुर्ची सोडायची नाही. सासूबाई म्हणजे निवृत्त गणिताच्या बाई. चौतीस वर्षं वर्गात येरझाऱ्या घालत शिकवलेलं. त्यांना खुर्चीत खिळवून ठेवणारी वस्तू जगात एकच, हे मशीन. त्यातला गोळ्यांचा खेळ. वरून रंगीत गोळे पडतात, एका रंगाचे तीन जुळवले की फुटतात. सासूबाईंचा विक्रम अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस, तो मशीनच्या पोटात जपून ठेवलेला. मशीन बंद, म्हणजे सहा आठवडे रिकाम्या सासूबाई. आणि समोर तपासायला काय? जावई.

हॉस्पिटलला निघताना दारातून मागे वळून त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापू, मशीनला हात लावायचा नाही. तुमच्याकडून गोळे जुळत नाहीत, उगाच बटणं झिजतात."

हे रंगरावांच्या जिव्हारी लागलं. त्यातही खरं होतं म्हणून फारच लागलं. त्यांनी ठरवलं, बाई हॉस्पिटलात आहेत तोवर गुपचूप सराव करायचा आणि त्या आल्या की पहिल्याच डावात चीत करायचं. रोज दुपारी बायको हॉस्पिटलमधून येऊन शेजारच्या खोलीत जरा आडवी व्हायची, तेव्हा रंगराव दुकानातून जेवायला म्हणून येऊन खेळायचे. पण त्या मशीनचा पंखा असा घुरघुरायचा, की बायको काय, तळमजल्यावरचे मीटरकाका जागे झाले असते. म्हणून शाल. पहिल्या दिवशी एक घडी. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी चारी बाजूंनी गच्च. पंखा एकदम गप्प झाला. रंगराव स्वतःच्या हुशारीवर खूश. सात मिनिटांनी फट्ट असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास.

त्यांनी आधी काय केलं असेल? पुरावा तपासला. शाल खिडकीशी नेऊन उलटीपालटी केली, डोळ्यांशी धरली. हिरवी होती, हिरवीच होती. डाग नाही, काही नाही. थोडा वास होता, तो झटकून घालवता आला असता. चला, अर्धं संकट टळलं.

बायको उठली, नाक वर करून म्हणाली, "अहो, कसला वास येतोय?"

"खालून येतोय. मीटरकाका काहीतरी जाळतायत."

"मी निघते. आईला सोडायचे कागद करायला दोन तास तरी लागतील. तुम्ही अर्धी रजा घेतलीच आहे तर तिची खुर्ची टीव्हीसमोर लावा, उशी ठेवा. आणि मशीन पुसून ठेवा. गाडीत बसल्यापासून ती त्याचंच विचारणार आहे."

ती गेली, तशी रंगरावांनी मशीन पिशवीत घातलं आणि कंपनीच्या सेवा केंद्राकडे धाव घेतली. तिथे नंबराची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर एकोणसत्तर, भिंतीवर सदुसष्ट. वा, म्हणाले रंगराव. मग सदुसष्ट नंबरच्या गृहस्थांनी आपल्या फोनची जन्मकथा सुरू केली आणि ती संपायला वीस मिनिटं लागली. अखेर काचेमागची मुलगी म्हणाली, "मालक आपणच?"

"मालकीणबाई हॉस्पिटलात आहेत."

"मग त्यांच्या सहीचं पत्र लागेल. आणि फॉर्ममध्ये बिघाडाचं कारण लिहा."

"कारण… आपोआप."

"आपोआप असा रकाना नाहीये काका. पडलं, भिजलं, की झाकलं?"

रंगरावांनी पेन खाली ठेवलं. "पण मिळेल कधी?"

"एकवीस दिवस. आणि आतलं सगळं पुसून नवीन करून मिळेल."

म्हणजे विक्रमही पुसला जाणार! रंगरावांनी मशीन पोटाशी धरलं आणि बाहेर पडले. घड्याळात अडीच.

जिन्यात मीटरकाका उभे. हे गृहस्थ तीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडले, त्यामुळे वीज म्हणजे आपल्या घरची सून असं ते समजतात. न बोलावता वर आले, खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि सल्ले सुरू.

"उघडा, उघडा. घाबरता काय? झाकणाचे स्क्रू काढा. आता आतला तो पत्र्याचा डबा. तोच वीजपुरवठा. काही नाही हो, फ्यूज उडाला असेल. आमच्या वेळी फ्यूजच उडायचे."

रंगरावांनी डबा उघडला. आत हिरवी पाटी (काकांनी हिरवी म्हणून सांगितलं म्हणून हिरवी), तिच्यावर गावच्या नकाशासारखी दाटी, आणि एका कोपऱ्यात दोन छोटी नळकांडी काळी ठिक्कर पडलेली.

"हे बघा काका, हे काय जळलंय?" म्हणून रंगरावांनी बोट पुढे केलं, आणि पुढच्या क्षणी ते बोट, त्यामागचा हात आणि त्यामागचे रंगराव कपाटाला जाऊन टेकले.

"हां," काका शांतपणे म्हणाले, "तो मोठा डबीसारखा भाग आहे ना, त्याला हात लावू नका. वायर काढली तरी त्यात वीज बसून राहते."

"हे आधी सांगायचं नाही का!"

"तुम्ही विचारलंत कुठे? बाकी जळलेत ते रेझिस्टर, वीज अडवणारे. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. माणूस हुशार आहे, पण सध्या जरा…"

सध्या जरा काय, ते ऐकायला रंगराव थांबले नाहीत. पत्र्याचा डबा त्यांनी हाताला लागलं त्यात गुंडाळला. हाताला काय लागलं? शाल.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे दोन बाय तीनची खोपटी, भिंतभर छोटे खण, आणि मधोमध काळा गॉगल लावून बसलेला पन्नाशीतला माणूस. दोन्ही डोळ्यांवर गॉगलच्या आतून पट्ट्या.

"मोतीबिंदू," तो म्हणाला. "दोन्ही एकदम उरकले. आठ दिवस उजेड बंद. दुकान मात्र उघडतो, घरी बायको बोलते. काय आणलंत? थांबा, सांगू नका." त्याने डबा नाकाशी नेला. "वीजपुरवठा. दोन रेझिस्टर गेलेत. बरोबर?"

"अगदी! होईल का? पाचच्या आत?"

"का नाही होणार? भाग माझ्याकडे आहेत, खण मला पाठ आहेत. सोल्डरिंग तुम्ही करायचं, मी सांगेन तसं. आधी हा मोठा कपॅसिटर रिकामा करू, नाहीतर बसेल झटका."

"बसला."

"मग शिकलात. आता फक्त रेझिस्टरवरचे रंग सांगा. तीन पट्टे असतात, त्यावरून किंमत कळते. किंवा मीटर काढतो, तसाच एखादा शाबूत भाग शोधून त्याला लावून बघू, पण त्याचा एक पाय पाटीवरून सोडवावा लागतो, वेळ जाईल. तुम्ही करता काय?"

आता हा प्रश्न विचारायला नको होता. कारण रंगरावांच्या तोंडून एकोणीस वर्षांच्या सवयीने उत्तर बाहेर पडलं, "रंगाच्या दुकानात असतो. काउंटरवर."

"अरे वा! म्हणजे रंगांचे डॉक्टरच. मग मीटर कशाला हवाय?"

मीटरच हवा होता. कारण सांगायचं तर, रंगरावांना लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही एकच दिसतात. एकच म्हणजे एकच, चिखल. लहानपणी चित्रात झाडाला तपकिरी पानं काढून छड्या खाल्ल्या, तेव्हापासून हे गुपित त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मग रंगाच्या दुकानात निभावलं कसं? सोपं आहे. डब्यावर नंबर असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "फिकट पिस्ता द्या," रंगराव म्हणतात, "चारशे बारा, उत्तम निवड!" आणि त्यांचा नियम एकच: रंगाबाबत समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचं, वर कौतुक करायचं. ह्या नियमावर त्यांना दोनदा बढती मिळाली होती.

"जरा उजेडात बघतो," म्हणून त्यांनी पाटी उचलली आणि बाहेर आले. शेजारी पडदे शिवणाऱ्या मावशी मशीनवर वाकलेल्या. रंगरावांनी आवाज अगदी खाली आणला. "मावशी, माझा चष्मा घरी राहिला. ह्या बारक्या नळीवर कुठले रंग आहेत, सांगता का?"

मावशींनी सुई दातात धरली आणि पाटी डोळ्यांशी घेतली. "पहिला विटकरी."

"म्हणजे लाल?"

"लाल नाही हो, विटकरी. दुसरा डाळिंबी. तिसरा काजळी."

"काजळी म्हणजे काळाच ना?"

"काळा निराळा, काजळी निराळा. तुम्हाला पडदे करायचेत का ह्याच्यावरून?" मग त्यांची नजर काखेतल्या शालीवर गेली. "शाल छान आहे हो. मधोमध चौकोन टाकलाय, वेगळंच काम आहे."

"हो हो," रंगराव नियमाप्रमाणे म्हणाले, "सध्या हेच चालू आहे."

आत येऊन त्यांनी छाती काढून जाहीर केलं, "लाल, लाल, काळा."

दुरुस्तीवाल्याने मान तिरकी केली. "म्हणजे बावीस. तिसरा काळाच ना, नक्की? काजळी धरली की तपकिरी काळा दिसतो. तपकिरी असला तर दोनशे वीस. दहापट फरक पडतो, साहेब."

"अहो, एकोणीस वर्षं रंगात हात आहेत माझे!"

"मग काय, विषयच संपला."

त्याने न चाचपडता डाव्या भिंतीवरचा खण ओढला आणि दोन रेझिस्टर हातावर ठेवले. मग सोल्डरिंग. तो नुसत्या आवाजावरून आणि वासावरून सांगत होता: "आता टेका. वितळलं. काढा. काढा म्हटलं ना! बोट नव्हे, सोल्डर वितळवा." रंगरावांची दोन बोटं आणि शर्टाची बाही एवढ्यावर काम निभावलं. पावणेचार.

दुरुस्तीवाल्याने एक लाकडी फळी पुढे ओढली. तिच्यावर साधा पिवळा बल्ब आणि एक सॉकेट. "वीजपुरवठा ह्या बल्बातून जाऊ द्यायचा. बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला, तर पास. पेटलेलाच राहिला, तर आत कुणीतरी वीज खातंय. लावा बटण. मला दिसत नाही, तुम्ही बोला."

रंगरावांनी बटण दाबलं. बल्ब पेटला.

"पेटला!"

"विझतोय?"

रंगराव बल्बाकडे बघत राहिले. बल्ब रंगरावांकडे बघत राहिला.

"विझतोय का, बोला की!"

"विझेल. जरा वेळ देऊ या."

"बंद करा!" दुरुस्तीवाल्याच्या नाकपुड्या फुलल्या. पाटीच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघाली आणि तेवढ्यात रंगरावांचा फोन वाजला. बायको.

"अहो, कागद लवकर झाले! आम्ही निघालोय. पाऊण तासात घरी. आई म्हणतेय मशीन चालू करून ठेवा, खुर्चीत बसल्या बसल्या खेळणार. तुम्ही धापा का टाकताय?"

"खुर्ची सरकवतोय," रंगराव म्हणाले. फोन ठेवला आणि खरंच खाली बसले, खुर्ची नव्हती तरी.

धूर दुकानभर पसरला. मग दुरुस्तीवाला हळूच म्हणाला, "साहेब, तिसरा पट्टा काळा नव्हता."

"नव्हता."

"तुम्ही बाहेर जाऊन मावशीला विचारलंत. डोळे बांधलेत माझे, कान नाही."

माणसाचा चेहरा दिसत नसला की खरं बोलणं सोपं जातं. समोरच्याला आपला दिसत नसला तर आणखीच सोपं. रंगराव म्हणाले, "मला लाल आणि तपकिरी एकच दिसतात. हिरवासुद्धा."

गॉगल रंगरावांकडे वळला. मग त्या माणसाचं पोट हलायला लागलं. आधी नुसतं पोट, मग खांदे, मग खुर्ची. "म्हणजे डोळे बांधलेला दुरुस्तीवाला, आणि त्याला रंग सांगायला रंग न दिसणारा रंगवाला! माझं दुकान आज धन्य झालं!"

"हसताय काय? सासूबाई निघाल्या!"

"काढतो, मीटर काढतो. पण आधी एक सांगा. रेझिस्टर स्वतःहून जळत नाही, साहेब. त्याला कुणीतरी जाळतं. काय केलं होतंत?"

"…शालीत गुंडाळलं होतं."

"का?"

"पंख्याचा आवाज होत होता म्हणून."

"म्हणजे आजारी माणूस खोकतो म्हणून तोंड दाबलंत." त्याने डब्याच्या जाळीत बोट घालून मूठभर लोकर ओढून काढली. "हे घ्या. ह्यात एक मोजा होईल."

मग त्या माणसाच्या बोटांनी पाटीवर चालायला सुरुवात केली. जळलेल्या दोघांच्या बाजूला, पत्र्याच्या पट्टीआड, तसाच तिसरा रेझिस्टर सापडला. "हा बघा, सख्खा भाऊ. तिघं एका रांगेत एकच काम करतात, म्हणजे किंमत एकच. हा आडोशाला होता म्हणून वाचला. ह्याचा एक पाय सोडवा. मीटरच्या सुया मी धरतो. आकडा तुम्ही वाचा. आकडे तरी दिसतात ना?"

"आकड्यांवरच तर जगतोय!" रंगराव म्हणाले आणि वाचलं, "दोनशे एकोणीस."

"म्हणजे दोनशे वीस. लाल, लाल, तपकिरी. लावा."

ह्या खेपेला रंगरावांचा हात अजिबात हलला नाही. घाबरायलाही वेळ लागतो, तो नव्हताच. चार वाजून बारा मिनिटांनी त्यांनी पुन्हा बटण दाबलं. बल्ब लखकन पेटला. बल्ब तसाच. एक. दोन. मग तार लालसर झाली (किंवा हिरवट, त्यांना काय), आणि हळूहळू पार मंदावली.

"विझला! विझला हो!" रंगराव असे ओरडले, की पलीकडे मावशींच्या हातातली सुई पडली.

सव्वाचार ते पावणेपाच ह्या काळात चौक ते तिसरा मजला हे अंतर रंगरावांनी कसं कापलं, हे जिन्यातल्या मीटरकाकांना विचारा. ते "मी काय म्हणतो" एवढं म्हणेपर्यंत रंगराव त्यांच्यावरून गेले होते. डबा बसवला, स्क्रू लावले. दोन उरले, ते खिशात. मशीन चालू! पंखा घुरघुरला आणि तो आवाज त्यांना सनईसारखा गोड लागला. बोटांवर पट्टी, बाही दुमडलेली, खिडक्या उघड्या. पुरावा शून्य. शेवटी शाल झटकली, सुबक घडी घातली आणि सासूबाईंच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. तेवढाच जिव्हाळा.

दार वाजलं. सासूबाई वॉकर टेकत आत आल्या, चारही भिंतींकडे एकदा वर्ग तपासल्यासारखं पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. पडद्यावर गोळे नाचत होते आणि कोपऱ्यात विक्रम: अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस. शाबूत.

"वा," त्या म्हणाल्या. "हात लावला नाहीत?"

"छे! पुसण्यापुरता."

"शाल द्या ती."

रंगरावांनी शाल अदबीने उलगडली आणि त्यांच्या गुडघ्यावर पसरली. बायकोने तोंडावर हात घेतला. सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"जावईबापू, ही शाल कुठल्या रंगाची?"

"हिरवी, आई. तुमची आवडती."

"आणि हा मधला भाग? हा चौकोन?"

रंगरावांनी पाहिलं. खूप निरखून पाहिलं. चौकोन कसला? नियम आठवला: समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायचं. पण समोरचा काही म्हणतच नव्हता. "तोसुद्धा… हिरवाच."

"अहो!" बायको किंचाळली. "भाजून खरपूस तपकिरी झालाय तो! मशीनच्या मापाचा! जाळीसकट!"

तर असं सगळं. गाव धुंडाळून सगळे पुरावे पुसले, आणि जो एक डोळ्यांना दिसत नव्हता तो स्वतःच्या हाताने घडी घालून न्यायाधीशासमोर ठेवला. रंगरावांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं: शाल, झटका, मावशी, धूर. आणि मग, इतक्या वर्षांनी, बायकोच्या देखत, डोळ्यांचंही.

बायको भिंतीकडे वळली. "म्हणजे दिवाणखान्याचा रंग तुम्ही निवडलात तो…"

"दोनशे सात. त्याचा डबा स्वस्त होता."

सासूबाई मात्र शांत. त्यांनी मशीनचा रिमोट उचलला, खेळ थांबवून पडद्यावरची यादी उलगडत गेल्या आणि एका जागी टिचकी मारली. पडद्यावरच्या प्रत्येक गोळ्यावर एकेक आकडा उमटला. सगळ्या लालांवर एक, हिरव्यांवर दोन, तपकिऱ्यांवर तीन. रंगरावांच्या डोळ्यांसमोरचा तो चिखल एकदम वेगवेगळा झाला.

"ही सोय असते ह्यात. ज्यांना रंग कळत नाहीत त्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला गेल्या वर्षीच सापडली. लाल-हिरवे एकत्र रचत होतात तेव्हाच ओळखलं होतं मी. चौतीस वर्षं मुलांच्या चुका तपासल्यात, चुकांनाही एक नमुना असतो."

"मग वर्षभर चालू का नाही केलीत?"

"तुम्ही हरताना फार गोड दिसता."

शाल जळाली, बोटं भाजली, अब्रू गेली, पण आता? आता गोळ्यांवर आकडे होते. आकड्यांवर तर त्यांनी आयुष्य काढलं होतं! त्यांनी दुसरा रिमोट उचलला, मांडी ठोकली आणि बसले. "होऊन जाऊ द्या, आई. आज बघतोच."

डाव अकरा मिनिटं चालला. सासूबाई एकसष्ट हजार. रंगराव चार हजार दोनशे.

"अरेरे," सासूबाई शाल नीट करत म्हणाल्या, जळका चौकोन बरोबर वर येईल अशी. "आता कारण काय सांगणार, जावईबापू? अजून सहा आठवडे आहेत. सावकाश शोधा."